घरत सरांची गुरुवारची तारीख

चौलहून दर आठवड्याला एका ठरावीक वारी, इस्त्रीचा शर्ट घालून आणि बगलेत फाईल मारून जो माणूस अलिबागची एस.टी. पकडतो, तो कोर्टात जातो. याला पुरावा लागत नाही. आजारी माणूस वार बघून आजारी पडत नाही आणि नातेवाइकांकडे कोणी फाईल घेऊन जात नाही. शिवाय कोर्टात जाणं ही चौलात काही लाजेची गोष्ट नव्हे. मुंबईकरांचे बंगले उठायला लागल्यापासून नारळी-सुपारीच्या वाड्यांना असा काही भाव आला आहे की, ज्या घराचा निदान एक दावा चालू नाही त्या घराकडे लोक जरा दयेनेच बघतात. दावा नाही म्हणजे जमीन नसणार, असा सरळ हिशेब.

म्हणून नाक्यावरच्या रफिकभाईंनी एका गुरुवारी विचारलं. कुवेतला उमेदीची वर्षं काढून त्यांनी एस.टी. थांब्यासमोर किराण्याचं दुकान घातलं होतं, आणि थांब्यावर कोण आलं, कोण गेलं हे त्यांना मालाच्या भावाइतकंच पाठ असे.

"काय सर, परत गुरुवार! कोर्टात का?"

दयाराम घरत म्हणाले, "हो, जरा... चालायचंच ते."

पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं. घरत सर मानसोपचार तज्ज्ञाकडे चालले होते.

सर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. ज्वालामुखी, भूकंप, चक्रीवादळं यांच्याबद्दल ते वर्षानुवर्षं अगदी शांतपणे बोलत आले होते. पण पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत गेले आणि अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र त्यांचा अंगठा घेईना. खिडकीतली मुलगी सहज म्हणाली, "काका, मशीन तुम्हाला ओळखत नाहीये." मागे रांग होती. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "आटपा." त्याबरोबर सरांच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, हातापायांना अशा मुंग्या आल्या आणि श्वास असा अपुरा पडला, की आपण हयात असल्याचा दाखला द्यायला येऊन इथेच मरणार, याची त्यांना खात्री पटली. त्यात मरणाच्या भीतीपेक्षा लोकांसमोर मरण्याची लाज जास्त होती, हे त्यांनी नंतर प्रामाणिकपणे कबूल केलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. सरांना थोडं वाईटच वाटलं. उत्तम हृदयाने इतकं घाबरणं म्हणजे शाळेत जागा असून मुलाने वर्गाबाहेर उभं राहण्यासारखं. पुढे असे झटके बाजारात आले, एका लग्नाच्या पंगतीत आले, एकदा तर न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना आला. मग सरांनी बाजार सोडला, पंगती सोडल्या आणि दाढी घरी करायला सुरुवात केली. त्यांची मुलगी भाविका न्हावा शेवाला कंटेनरच्या ऑफिसात होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मनाच्या डॉक्टरकडे जा. त्यात काय लाजायचंय? आमच्या ऑफिसातले अर्धे लोक जातात." अर्धं ऑफिस तिकडे जात असेल तर बोटीवर माल कोण चढवतो, हा प्रश्न सरांना पडला. पण त्यांच्या बायकोने, नीराबाईंनी, इस्त्रीचा शर्ट आणि तपासण्यांची फाईल काढून ठेवली होती, तेव्हा ते गेले.

डॉक्टर पूनम भाविकापेक्षाही लहान दिसत. त्यांनी एक गोळी लिहून दिली, ती लागू पडायला काही आठवडे जातील हेही सांगितलं, आणि मग अभ्यास दिला. हा प्रकार सरांना नवीन होता. आजवर अभ्यास तेच देत आले होते. जिथे जायची भीती वाटते तिथे जायचं, धडधड सुरू झाली तरी पळून यायचं नाही. ती वाढते, वाढते आणि आपोआप खाली येते, हे स्वतः बघायचं. सर बाजारात जाऊन एका कांद्याच्या ढिगासमोर इतका वेळ उभे राहिले, की कांदेवालीने शेवटी विचारलं, "सर, भाव सांगू का नुसतंच बघताव?" पण धडधड उतरली. सर कांदे न घेताच आनंदाने घरी आले.

मग डॉक्टर म्हणाल्या, "आता घराबाहेरच्या एका माणसाला सांगा. फक्त एका. की तुम्हाला हा त्रास आहे आणि तुम्ही माझ्याकडे येता."

तो एक माणूस कोण, याबद्दल शंकाच नव्हती. शेजारच्या वाडीतला शिवदास नाईक. दोन वाड्यांमधल्या कुंपणात एक वाट होती. संध्याकाळी शिंपण उरकलं की शिवदास तिच्या पलीकडे चौथऱ्यावर टेके आणि सर अलीकडे. सरांना जन्मभर लोकांशी बोलताना पुढचं वाक्य सापडत नसे. शिवदासशी बोलताना ते शोधावं लागत नसे, कारण तो बहुधा माशांबद्दल आणि पाण्याच्या पंपाबद्दल बोले. असा माणूस सरांना आयुष्यात एकच मिळाला होता. त्याला सांगितलं आणि तो हसला तर? किंवा हसलाच नाही आणि वेड्यांशी बोलतात तसं हळू, समजुतीने बोलायला लागला तर? हा दुसरा विचार जास्त भयंकर होता. सरांनी सांगणं पुढच्या आठवड्यावर ढकललं, मग त्याच्या पुढच्या.

मधल्या काळात रफिकभाईंकडून बातमी पसरली होती, आणि खोटं बोलण्याची सरांना वाटलेली लाज हळूहळू बोथट होत होती. कारण गावाने त्यांना आजवर कधी दिला नव्हता तो मान दिला. एस.टी.त लोक उठून जागा देऊ लागले. "बसू द्या सरांना, तारीख हाय त्यांची." डॉक्टरांचा दवाखानाही कोर्टाजवळच्याच एका इमारतीत होता, खाली सगळे वकील, जिन्याने वर डॉक्टर. त्यामुळे गावातलं कोणी भेटलं तरी सर योग्य दारातच शिरताना दिसत. जो तो सल्ला देई. एकाने आपल्या वकिलाचं नाव सुचवलं, दुसऱ्याने त्याच वकिलापासून सावध राहायला सांगितलं. दोघांचे दावे एकमेकांविरुद्ध असल्याचं सरांना नंतर कळलं. रफिकभाईंनी तर सरांच्या हातात खारीचा पुडा ठेवत कानात सांगितलं, "सर, एक बात ध्यानात ठेवा. वकिलाला सगळं सांगायचं, गावाला काय नाय सांगायचं."

सरांना हे फारच सोयीचं वाटलं. कोणी विचारलं, "दावा कोणावर?" की ते गंभीर चेहऱ्याने म्हणत, "ते इतक्यात सांगता येणार नाही."

आता गावाला भूगोल कोणी शिकवायला नको होता. सरांच्या वाडीला एका बाजूने रस्ता, दुसऱ्या बाजूने देवस्थानची जमीन, मागे ओढा. रस्त्यावर, देवावर आणि ओढ्यावर एक शिक्षक दावा लावणार नाही. उरली चौथी बाजू.

एका सकाळी सर वाडीत गेले, तर शिवदास दोन माणसांना घेऊन कुंपणापाशी उभा होता. शिवदासचा एक माड सरांच्या वाडीत वाकलेला होता. बुंधा त्याच्याकडे, डोकं यांच्याकडे. सरांकडे पडलेले नारळ सर पलीकडे ठेवत, त्यातले निम्मे शिवदास परत अलीकडे ठेवी, आणि हे असं कित्येक वर्षं चाललं होतं. आज त्याने कुंपणातून हात घालून एक नारळ उचलला, वर धरला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "सदर नारळ मी पंचांसमक्ष ताब्यात घेत आहे." बरोबरच्यांपैकी एकाने मोबाईलवर फोटो काढला.

"अरे शिवदास, घे की," सर म्हणाले.

शिवदासने नारळ काखेत मारला. तिघंही निघून गेले.

सरांनी घाईघाईने घर गाठलं. याला कळलं! नक्कीच कळलं. गोळ्यांचं पाकीट बघितलं असेल, किंवा अलिबागला जिन्याने वर जाताना बघितलं असेल. वेड्या माणसाशी एकट्याने बोलू नये, म्हणून बरोबर दोन माणसं. दुसऱ्याच दिवशी कुंपणातल्या वाटेवर काटेरी तार आली, तेव्हा तर संशयाला जागाच उरली नाही. आपल्याला बाहेर ठेवायला तार! सर ओट्यावर बसून त्या तारेकडे बघत राहिले. आपण चावतो असं त्याला वाटतं की काय, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी नकळत तोंड मिटून घेतलं.

त्या संध्याकाळी ते अलीकडे जाऊन बसले. पलीकडे कोणी आलं नाही. पुढेही आलं नाही. डॉक्टरांना ते म्हणाले, "शिवदासला सांगायचं राहिलं, पण त्याला आपोआपच कळलं. परिणाम वाईट झाला." डॉक्टर म्हणाल्या, "तो तसं म्हणाला?" सर म्हणाले, "म्हणायला तो बोलतोय कुठे?" भुवया उंचावून डॉक्टर म्हणाल्या, "मग तुम्हाला कळलं कसं?" हा प्रश्न सरांना अन्यायाचा वाटला.

मग मोजणीची नोटीस आली. शिवदास नाईक यांनी आपल्या वाडीच्या हद्दीच्या मोजणीसाठी अर्ज केला आहे, लगतच्या कब्जेदाराने हजर राहावं. सरांनी ती वाचली आणि त्यांना धडधड सुरू झाली. नीराबाईंनी ती त्यांच्या हातून घेऊन वाचली आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे कोळीण सांगत होती ते खरं तर!"

"काय सांगत होती?"

"तुम्ही शिवदास भावोजींवर दावा लावलाय म्हणून. मी म्हटलं, बाई, आमच्या ह्यांना मांजर हाकलता येत नाही, ते कसले दावा लावतात? ती म्हणाली, म्हणूनच गुपचूप लावला."

सरांना पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला हरकत नाही. त्यांना हायसं वाटलं. शिवदास आपल्याला वेडा समजत नाही! नुसता नीच समजतो! हे हायसं वाटणं फार तर एक उचकी लागेल इतका वेळ टिकलं.

"आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा त्यांना," नीराबाई म्हणाल्या.

सर गेले. तारेपर्यंत गेले. शिवदास पलीकडे पाण्याचा पाट साफ करत होता.

"शिवदास, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे."

"जे काय सांगायचा हाय, ते माज्या वकिलाला सांगा." त्याने वर बघितलंसुद्धा नाही. त्याचे डोळे मात्र खोल गेलेले दिसत होते. "मी तुमचा काय वाईट केला होता, सर? एवढा तरी तोंडावर सांगायचा होतात."

सरांना पुढचं वाक्य सापडेना. पहिल्यांदाच शिवदासपुढे सापडेना. ते परत आले.

पुढच्या गुरुवारी ते खरोखरच वकिलाकडे गेले. शिवदासचा वकील डॉक्टरांच्या बरोब्बर खाली बसे, हा एक फायदा. सर खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "माझा शिवदासवर काही दावा नाही. ते तुम्ही त्याला सांगावं."

"मागे घेताय?"

"मागे नाही. मुळात नाहीच."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "असं तोंडी चालत नाही, सर. दावा मागे घेण्याचा अर्ज असतो. दावा नसल्याचा अर्ज माझ्या तरी बघण्यात नाही."

"मग काय करायचं?"

"तुम्ही आधी एक दावा दाखल करा. मग तो मागे घ्या. काम एकदम स्वच्छ होईल." आणि सरांचा चेहरा बघून त्यांनी दिलासा दिला, "त्याला काही वर्षं लागतील, पण शेवट तुमच्या मनासारखा होईल."

सर जिना चढून वर गेले आणि त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांना जोराचा खोकला आला. बराच वेळ त्या रुमालाआड खोकत होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुमचा अभ्यास तोच आहे. फक्त तो आता जरा कठीण झालाय."

मोजणीच्या दिवशी आळीतली माणसं लग्नाला आल्यासारखी आली होती. कोणी तरी खुर्च्या आणल्या होत्या. रफिकभाई दुकान मुलावर टाकून सरबताच्या बाटल्या घेऊन आले होते आणि दोन्ही पक्षांना सारख्याच आदराने देत होते. मोजणीवाले काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन फिरत होते. यंत्राला म्हणे आकाश दिसावं लागतं, आणि माडांच्या झावळ्यांतून ते दिसत नव्हतं. तेव्हा ते काठी घेऊन मोकळ्या जागा शोधत एकदा सरांच्या परसात, एकदा शिवदासच्या गोठ्यामागे जात, आणि मागोमाग सगळी आळी जाई. शिवदास हाताची घडी घालून उभा होता. वकिलाने त्याला सांगितलं होतं म्हणे, की माड नुसता वाकलेला नाही, कुंपणच तुझ्या बाजूला सरकलेलं असणार. मोजणी झाली की सरांची हद्द बघ कशी मागे जाते.

हद्द सरकली, पण उलट्या बाजूला. मोजणीवाल्यांनी चुन्याची खूण टाकत टाकत कुंपण ओलांडलं, शिवदासच्या अंगणात गेले, ओट्याच्या बाजूने पुढे झाले आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात थांबले. त्यांनी कागद बघितला, यंत्र बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"ही जी ओट्याची बाजू आहे ना, गॅस ठेवलाय ती," त्यातले मोठे साहेब संकोचाने म्हणाले, "ती घरतांच्या हद्दीत येते."

मग रफिकभाई पुढे झाले आणि त्यांनी सरांचा हात हातात घेऊन हलवला. "मुबारक, सर! मानलं आपल्याला. एक शब्द न बोलता!"

शिवदास धुण्याच्या दगडावर बसला. त्याने बायकोकडे बघितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती, म्हणजे अर्धी सरांच्या जमिनीत. तिने फक्त गॅस बंद केला, जणू तो आता परवानगीशिवाय पेटवता येणार नव्हता.

ते बघितलं आणि सरांना सुरू झालं. छाती, मुंग्या, श्वास, सगळं. त्यांचे पाय गेले आणि ते चुन्याच्या रेघेवरच खाली बसले.

"हार्ट! सरांना हार्ट आला!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. एक म्हणाला झोपवा, एक म्हणाला झोपवू नका. कोणी शर्टाची बटणं सोडायला लागलं, कोणी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने वारा घालायला लागलं. आणि गर्दीतून वाट काढत सगळ्यांत आधी पोचला शिवदास. त्याने सरांना पाठीमागून आधार दिला आणि घोगऱ्या आवाजात ओरडला, "रिक्षा आणा रे! बघताव काय!"

सरांना त्या क्षणी उठून पळून जायचं होतं. ते शक्य नव्हतं, कारण पाय नव्हते. तेव्हा नाइलाजाने ते बोलले.

"रिक्षा नको. हार्ट नाही हे. मला माहीत आहे. हे वाढतं आणि मग उतरतं." त्यांनी श्वास घेतला. "मला घाबरण्याचा आजार आहे. मनाचा. दर गुरुवारी मी त्याच्यासाठी डॉक्टरकडे जातो. कोर्टात मी कधी गेलेलोच नाही. दावा नाही. मला सांगायची लाज वाटली."

हे ते सगळ्या आळीसमोर बोलले. डॉक्टरांनी एका माणसाला सांगायला सांगितलं होतं.

कोणी हसलं नाही. मागून एकाने "म्हणजे येडे—" अशी सुरुवात केली, पण नीराबाईंनी मान वळवली आणि ते वाक्य तिथेच राहिलं. रफिकभाई म्हणाले, "कुवेतला माझ्या मेव्हण्याला व्हायचं असं. लिफ्टमधे पाय ठेवायचा नाय. दवा घेतली, बरा झाला." आणि मग, दावाच नाही म्हटल्यावर, लोकांना थांबण्यासारखं काही उरलं नाही. कोणी खुर्च्या उचलल्या, कोणी यंत्राची काठी मोडता मोडता वाचवली. जाताना बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर आपल्याला फसवल्याचा भाव होता.

शिवदासने मोजणीच्या साहेबांना विचारलं, "हे आता रद्द करता येल काय?"

"अर्ज तुमचाच आहे," साहेब म्हणाले. "मोजलेलं न मोजलेलं कसं करणार?"

सरांची धडधड उतरली होती. शिवदास अजून त्यांच्या पाठीशीच बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे आमचा गॅस तुमच्यात."

"असू दे," सर म्हणाले. "चहा होतो ना त्याच्यावर?"

वाटेवर तार होती, म्हणून नीराबाई रस्त्याने वळसा घालून घरी गेल्या. सर शिवदासच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. शिवदासच्या बायकोने गॅस पेटवला, चहा टाकला, आणि दूध आणायला म्हणून जी बाहेर गेली ती लवकर आली नाही. शहाणी बाई होती. शिवदासने दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ती डॉक्टरीण इंजेक्शान देते काय?"

"नाही. एक गोळी असते."

"माजी झोप पार उडालीय सर. जेवण जात न्हाय. अंगणात कोण आला तरी छातीत धसका बसतो." तो थांबला. "गोळी देते, आणि मग करते काय?"

"विचारते."

"काय विचारते?"

"की तुम्हाला भीती नक्की कशाची वाटते."

शिवदासने विचार केला. चहा उतू जायला आला तेव्हा त्याने हात लांब करून गॅस बारीक केला.

"तुमची," तो म्हणाला.

घरत सरांना आयुष्यात कोणी घाबरलं नव्हतं. छडी हातात असतानाही सातवी ब घाबरली नव्हती. हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. त्याच्या आत कुठेतरी, अगदी थोडं, बरंही वाटलं, आणि त्याची लाज वाटून त्यांनी चहा कोराच पिऊन टाकला.